हवालदाराचा पाय

बार्शीटाकळी
२८ सप्टेंबर

वर्षू,

पाकिटावरचं अक्षर पाहून फाडायले निघाली असशीन तं थांब. माह्याबद्दल याच्यात काही नाही. हवालदाराचा पाय मोडला.

तुले फोन लावला होता. एकदा वाजते अन् कटते, म्हणजे माहा नंबर तू अजून बंदच ठेवला हाये. देवानंदच्या फोनवरून लावणार होती, मंग वाटलं, दुसऱ्याच्या नंबरानं पोरीले फसवून बोलायचं, थे काही बरं नाही. म्हणून हे पत्र, आश्रमशाळेच्या पत्त्यावर. धारणीले कवा पोचते देव जाणे.

झालं असं का सव्वीस तारखेले दसऱ्याचा झेंडू भरून आमी अकोल्याले निघालो. देवानंदचा छोटा हत्ती, मी त्याच्या बाजूले, अन् हवालदार मागं पोत्यांवर. तुले त्याची ऐट माहीत हाये, जसं काही बंदोबस्तावरच चालला. नाल्याच्या पुलापाशी त्यानं चालत्या गाडीतून उडी टाकली. काहून टाकली, थे त्यालेच माहीत. असा आवाज झाला का मले अंदर ऐकू आला.

उतरून पाहते तं पुढचा उजवा पाय कोपराच्या खाली नुसता लोंबून राहिला. बोंबललाही नाही बिचारा. माह्याकडं पाहत होता, जसं काही त्याचीच चूक झाली. देवानंद म्हणे, "काकू, पहिले फुलं उतरवू, बाजार निघून जाईन." मी त्याले अशी काही बोलली का त्यानं गाडी सरळ गुरायच्या मोठ्या दवाखान्याच्या दारात नेऊन लावली, झेंडूसकट. तिथल्या लोकायले वाटलं, कोन्या मंत्र्याचा सत्कार हाये का काय.

चिठ्ठी फाडणाऱ्यानं विचारलं, नाव काय. म्हणलं, हवालदार. तो म्हणे, "बाई, मालकाचं नाही, जनावराचं." म्हणलं, "जनावराचंच हाये. मालकीण नाही झाली हवालदार, म्हणून त्याले केला." तोंडातून निघून गेलं. मंग तिथंच बाकावर बसून राहिली.

डॉक्टर पोरगीच हाये, नीलम नावाची, तुह्याच वयाची. सुई देऊन त्याले गुंगवलं अन् पायाचे दोन फोटो काढले, एक समोरून, एक बाजूनं. म्हणे, एका फोटोत हाड सरळ दिसते अन् दुसऱ्यात वाकडं निघते, म्हणून दोन लागतात. दोन्ही हाडं मोडली होती, पण चामडी फाटली नव्हती, तुकडे झाले नव्हते. तिनं अन् आणखी एकानं मिळून पाय ओढला, टोकाले टोक बसवलं. वरतून कापूस, पट्टी, अन् मंग प्लास्टर, कोपराच्या वरपासून पार पंजापर्यंत. मी म्हणलं, मोडलं तं मधात, एवढं लांब कायले? तं म्हणे, "मावशी, मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही बांधले नाहीत तर मधलं हाड हलतच राहतं."

मधली दोन बोटं तेवढी बाहेर ठेवली. सुजली, थंड पडली, का वास आला, तं लगेच आणायचं. पानी लागू द्यायचं नाही. सात हप्ते धावू द्यायचं नाही. मी सगळ्याले हो म्हणलं.

तुहा हवालदार हाये म्हणून कळवलं. दुसरं काही नाही.

तुही आई

ता.क. तिकडं थंडी लवकर पडते. डावा हात दुखत असीन तं लोकरीचं काही घालत जाय.

७ ऑक्टोबर

वर्षू,

तुहं काही उत्तर नाही. नसू दे. हवालदाराची खबर तुले कळाली पाहिजे, म्हणून लिहून राहिली.

फुलायचे रिकामे क्रेट तारेनं बांधून मी त्याले ओसरीत पिंजरा केला. फिरून वळता आलं पाहिजे, पण उडी मारता नाही आली पाहिजे, असा डॉक्टरनं सांगतला तसा. तार पिळतांना बोट कापून घेतलं. तुह्या बाबाच्या अंगठ्याले विळा लागला होता तसंच, त्याच जाग्यावर. लघवीले बाहेर काढतांना पायाले पिशवी बांधते अन् आत आला का सोडते, नाही तं अंदर घाम येते. रोज सकाळ-संध्याकाळ त्याची दोन बोटं हातात घेऊन पाहते. गरम हायेत का, सुजली का, वास येते का. मी कुत्र्याच्या पंजाचा वास घेऊन राहिली हे पाहून शेजारची पार्बताबाई हसून हसून मेली.

तिची आपली एक तऱ्हा. बांधावरची कांडवेल घेऊन आली अन् म्हणे, प्लास्टरच्या अंदर खुपसून दे, आठ दिवसांत हाड जुळते. म्हणलं, "माय वो, ती वेल कच्ची हाताले लागली तं खाज सुटते. अंदर त्याले खाजवायले कोन जाईन, तू का मी?" रुसून गेली. दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकर घेऊन आली त्याच्यासाठी. तुले माहीतच हाये ती कशी हाये.

दर हप्त्याले दवाखान्यात न्या लागते. डॉक्टर नीलम प्लास्टर ठोकून पाहते, हुंगून पाहते. मी तिले विचारलं, याच्यात हाड जोडायची दवाई कोणती? हसली. म्हणे, "आम्ही हाड जोडत नाही, मावशी. ते आपलं आपण जुळतं. ते हलू नये एवढंच आमच्या हातात." मले तं वाटत होतं, डॉक्टर लोक काही चिकटवत असतीन.

आता एक सांगते. मागच्या पत्रात म्हणलं का त्यानं उडी काहून टाकली थे त्यालेच माहीत. खोटं लिहिलं. मलेही माहीत हाये. पुलाच्या बाजूनं एक पोरगी पळत चालली होती, निळा ट्रॅकसूट, एक वेणी पाठीवर. पोलीस भरतीची तयारी करणारी असीन कोनी. हवालदार उठून उभा राहिला, कान टवकारले, अन् झेपावला. तिच्या अंगावर नाही गेला, तिच्या बाजूनं धावायले गेला. तू त्याले पिल्लू असल्यापासून रोज पाच वाजता संगं नेत होती ना.

तीन वर्षं झाली तुले जाऊन. तो अजून दर वेणीमागं पाहते.

तुह्या नोकरीचं मी कोनाजवळ बोलत नाही. वसतिगृहाची नोकरी काही वाईट नाही. पण तू लेखी पास, मैदान पास, अन् मेडिकलात त्यायनं दोन्ही तळहात आकाशाकडं करायले सांगतले. उजवा झाला. डावा अर्ध्यातच थांबला. थे माह्या डोळ्यासमोरून जात नाही, मी तिथं नव्हती तरी. तू घरी आली अन् बाबा जेवत होते. तू म्हणली, "तुमी माहं प्लास्टर अर्ध्यात काढलं. मले आठवते. तुमचे हात आठवते मले." त्यायनं ताट सरकवलं अन् वावरात निघून गेले. तू दुसऱ्या दिवशी बॅग भरली. मंग त्यायले पाहायले आली थे तिरडीवरच.

जाऊ दे. कुत्र्याचं लिहायले बसली अन् कुठं पोचली.

आई

१९ ऑक्टोबर

वर्षू,

उद्या-परवा दिवाळी. शेवंती चांगली आली अवंदा. तोडायले पाच बाया लावल्या हायेत, अन् मी घरात बसून पत्र लिहून राहिली.

आज चोविसावा दिवस हाये प्लास्टरचा. हवालदार आता त्या प्लास्टरच्या पायावर टकटक करत चालते. कुरकुर नाही, दुखणं नाही, भाकरीले टणकन उभा राहते. पार्बताबाई सकाळी आली अन् म्हणे, "शकुन, हा तं बरा झाला. दिवाळीत कायले त्याले कोंडून ठेवतं? काप थे, मोकळा कर लेकराले." तो पिंजऱ्यातून असा पाहून राहिला होता का मलेही वाटलं, खरंच कायले? बादलीत गरम पानी काढलं, प्लास्टर भिजवायले. फुलं कापायची मोठी कात्री आणली. त्याच्यासमोर बसली.

अन् वर्षू, कात्री प्लास्टरपाशीच थांबली.

मागल्या हप्त्यात डॉक्टर नीलमनं मले काय सांगतलं होतं थे लिहिते. मी विचारलं होतं, आता कुठवर आलं? तिनं टेबलावर कागद घेऊन काढून दाखवलं. पहिले मोडलेल्या जागी रक्ताची गाठ होते. मंग तिथं एक मऊ गाठोडं बनते, आपल्या कानाच्या पाळीसारखं, वाकवलं तं वाकते. त्याच्यात हळूहळू चुना भरते, तवा कुठं खरं हाड होते. म्हणे, "तिसरा-चौथा आठवडा सगळ्यात फसवा, मावशी. जनावर चालायला लागतं, मालकाला वाटतं झालं. आत अजून पाळीसारखंच असतं. तेव्हा प्लास्टर काढलं की वाकतं, आणि मग तसंच वाकडं पक्कं होतं. त्यानंतर पुन्हा मोडल्याशिवाय सरळ होत नाही."

मी टेबल धरून उभी होती. ती म्हणे, "मावशी, पाणी देऊ का?" तिले वाटलं, मले ऊन लागलं.

कात्री मी फेकून दिली. पार्बताबाईले म्हणलं, तू जाय घरी. पहिल्यांदा असं बोलली मी तिले.

पुढचं लिहायचं हाये, पण हात चालत नाही. बाया आवाज देऊन राहिल्या.

२० ऑक्टोबर, दुपार

वर्षू,

कालच्याच पत्राले जोडून लिहिते. देवापुढं दिवा लावून बसली हाये. नाही लिहिलं आज, तं कधीच लिहिणार नाही.

तू सहा वर्षांची होती. आंब्याच्या फांदीवरून पडली अन् डावा हात मोडला, कोपराच्या खाली, हवालदाराचा मोडला तिथंच. अकोल्याच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं अन् सहा हप्ते सांगतले. चौथ्या हप्त्यातच कुंदनकाकाचं लग्न होतं. घरात पोरगी तू एकटी. करवली तूच.

लग्नाच्या आधी घरी बांगड्या भरायले कासारीण येणार होती. माह्या माहेरचे सगळे उतरले होते. माह्या मोठ्या वहिनीनं सगळ्यांसमोर म्हणलं, "मोडक्या हाताची करवली पहिल्यांदाच पाहून राहिली बापा." सगळ्या हसल्या. मीही हसली. पण अंदर माही आग आग झाली. मले वाटलं, माह्या पोरीच्या दोन्ही हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा दिसला पाहिजे, अन् तिच्या हातात करा दिसला पाहिजे. बस, एवढंच. याच्याहून मोठं काही कारण नाही. मी लय शोधलं, बाई, वीस वर्षं शोधलं. दुसरं काही कारण सापडत नाही.

तू पळत होती, खेळत होती, दुखत नाही म्हणत होती. चोविसाव्या दिवशी मी गरम पानी केलं अन् कात्री आणली.

प्लास्टर मी कापलं, वर्षू. तुह्या बाबानं नाही. मी.

तुले हात आठवतात थे बाबाचेच होते, खोटं नाही. तू त्यायच्या मांडीवर होती, तोंड त्यायच्या अंगात खुपसून, डोळे मिटून. त्यायनं तुहा हात धरला होता. मी मागून कापत होती. तू पाहिलंच नाही मले.

कासारणीनं बांगड्या चढवतांना तुहा पंजा दाबून दाबून आवळला, तवा तू किंचाळली. ती म्हणे, नवीन बांगडी हाये, लागतेच. लग्नात तू पितळेचा करा पान्यानं भरलेला, वर नारळ, दोन्ही हातानं छातीशी धरून अर्धा तास उभी राहिली. एवढी गोड दिसत होती. वहिनीचं तोंड बंद झालं. थे पाहून मी किती खूश झाली होती, हेही लिहून ठेवते.

मंग महिना-दोन महिन्यांनी कळलं का प्रसाद घेतांना तुहा डावा हात पुढं येत नाही, तिरपाच राहते. लोकायनं विचारलं, प्लास्टर कोनं काढलं? बाबा माह्याकडं पाहून राहिले. मी खाली मान घातली. तं तेच म्हणले, "मीच काढलं. घाई झाली." त्या दिवसापासून तेच चालू राहिलं. तुह्या मनातही तेच बसलं. मेडिकलवरून आल्यावर तू त्यायले बोलली, तवा मी चुलीपाशी होती. चार पावलं. चार पावलं चालून मले सांगता आलं असतं.

अन् ते गेल्यावर मीच तुले म्हणलं होतं, "बाप गेला तरी तुहा राग जात नाही." कोन्या तोंडानं म्हणलं, मले समजत नाही. त्याच दिवशी तू माहा नंबर बंद केला. बरोबर केलं.

शकुन

९ नोव्हेंबर

वर्षू,

वरची दोन्ही पत्रं वीस दिवस पेटीत पडून होते. दोनदा पोस्टापर्यंत गेली अन् वापस आली. आज तिन्ही एकाच पाकिटात टाकून राहिली.

पहिले भीती ही वाटली का बाबावरचा सगळा राग तू माह्यावर काढशीन. थे तं मी सोसीन, माहंच हाये. पण दुसरी भीती मोठी निघाली. बाबाजवळ जाऊन दोन शब्द बोलायची तुले आता जागा राहिली नाही, अन् तवाच मी तुले हे सांगून राहिली. खोटं ठेवलं तं तू त्यायच्यावर रागावलेली राहशीन, पण निदान निवांत तं राहशीन. खरं सांगतलं तं तुह्या जिवाले घोर. लय दिवस याच्यातच गेले. मंग वाटलं, मी पुन्हा तेच करून राहिली. तुले काय सोसीन अन् काय नाही, थे मीच ठरवून राहिली.

सहा तारखेले हवालदाराचा फोटो काढला. डॉक्टर नीलमनं उजेडावर धरून दाखवला. मोडलेल्या जागी गाठ आली हाये, बाहेरून जाड, अन् चीर जवळपास बुजली हाये. ती म्हणे, "मावशी, एकदम सरळ जुळलंय. लोक इतके दिवस दम धरत नाहीत. तुम्ही कसा धरला?"

चौदा तारखेले सकाळी अकरा वाजता प्लास्टर काढणार हायेत. मशीन लय आवाज करते म्हणे, कातडीले काही होत नाही, पण जनावर भेते. त्याचं तोंड छातीशी धरून बसायले एक जवळचं माणूस लागते. मी धरीन. नाही तं देवानंद हाये.

तू ये, असं मी म्हणत नाही. तेवढा हक्क माह्याजवळ राहिला नाही. वेळ तेवढी लिहिली.

आई

१६ नोव्हेंबर

वर्षू,

तू पोचली का नाही, हे विचारायले लिहून राहिली. फोन लावायची हिंमत नाही.

मी दवाखान्याच्या ओट्यावर हवालदाराले घेऊन बसली होती. तो एकदम उठला, अन् त्यानं असा काही आवाज काढला का मले न पाहता कळलं. तू गेटातून आली. वाळली हायेस. माह्याकडं पाहिलं नाही. सरळ त्याच्यापाशी खाली फरशीवर बसली अन् त्याचं तोंड दोन्ही हातात धरलं. डावा हात तिरपा, उजवा सरळ.

मशीन सुरू झालं तवा तो थरथर कापत होता. तू त्याचं डोकं ओढणीखाली घेतलं अन् त्याच्या कानात काहीतरी बोलत राहिली. मी पाय धरला होता. आपल्या दोघींत एका हाताचंही अंतर नव्हतं, अन् मले तिकडं पाहायची हिंमत झाली नाही. तुह्या अंगाले वावरातल्या मातीचा वास नव्हता, साबणाचा होता.

प्लास्टर निघालं तं अंदरून कसा पाय निघाला, बापा! काडीसारखा, केस गेलेले, पिवळा. मी म्हणलं, झालं, गेला पाय. डॉक्टर म्हणे, "इतके दिवस कामच नव्हतं त्याला. भरेल." त्यानं थो पाय टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मंग तुह्याकडं पाहिलं, अन् त्याच पायावर भार देऊन उभा राहिला. सरळ. तू रडली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

तुनं डॉक्टरले जे विचारलं थे मी ऐकलं. "वाकडं जुळून वीस वर्षं झाली असतील तर पुन्हा मोडून सरळ करता येतं का?" ती म्हणे, कुत्र्याचं एवढ्या वर्षांचं कधी केलं नाही, माणसांचं माणसांच्या डॉक्टरला विचारा. पण करतात. मुद्दाम कापतात, सरळ बसवतात, पट्टी लावतात. दुखतं, आणि पहिल्याएवढाच वेळ पुन्हा द्यावा लागतो, त्यात सूट नाही.

तू मान हालवली. मंग मले एकच बोलली. "पट्टा दे."

मी दिला. देवानंद तुमाले परतवाड्यापर्यंत सोडून आला. म्हणे, तिथं काळीपिवळीवाला कुत्रं घ्यायले तयार नव्हता, तं तू त्याले सांगतलं, "कुत्रं नाही, हवालदार हाये," अन् त्यानं हसून बसवून घेतलं. हे ऐकून मी लय हसली. मंग रिकाम्या पिंजऱ्यापाशी बसली. क्रेट अजून सोडले नाही.

एक महिना त्याले पट्ट्यानंच फिरव. मोकळा सोडू नको, कितीही गयावया करो. हाड जुळलं म्हणजे पक्कं झालं असं नाही म्हणते डॉक्टर. बारा डिसेंबरले पुन्हा फोटो हाये.

आई

३० नोव्हेंबर

वर्षू,

तुहं कार्ड आलं. पोस्टमन म्हणे, काकू, आजकाल कार्ड कोन टाकते? मी म्हणलं, माही पोरगी टाकते.

तीनच ओळी. हवालदार बरा हाये, पट्ट्यानंच फिरून राहिला. अन् मंग तुहा सवाल. त्या दिवशी बाबा काय बोलले होते, सगळं लिही, काही सोडू नको.

मले वाटलं होतं तू मले विचारशीन, काहून केलं. थे तुनं विचारलंच नाही.

लिहिते. सगळंच लिहिते. वीस तारखेच्या पत्रातही मी एक गोष्ट सोडली होती.

बाबा माह्याशी दोनदाच बोलले. मी पान्याची बादली घेऊन आली तवा म्हणले, "शकुन, डॉक्टरनं सहा हप्ते सांगतले. लग्न काय, प्लास्टरसंगंही होते." मी म्हणलं, "तुमाले काय समजते बायायचं?" त्यायले मी आयुष्यभर असंच बोलली.

मंग तुले त्यायनं मांडीवर घेतलं. तुहं तोंड छातीत लपवलं. प्लास्टर भिजलं होतं पण अंदरून घट्ट होतं, कात्री शिरत नव्हती. मी जोर केला. तवा त्यायनं आपला डावा अंगठा प्लास्टरच्या खाली सरकवला, कात्रीच्या अन् तुह्या कातडीच्या मधात, अन् म्हणले, "हळू. तिले लागीन."

कात्री घसरली. तुह्या अंगावर ओरखडाही आला नाही. तुह्या बाह्यांवर रक्त दिसलं तं तू भ्याली, तवा त्यायनं सांगतलं, "काही नाही बाई, माह्या अंगठ्याले विळा लागला होता, त्याची खपली निघाली."

तू मोठी झाल्यावर तो व्रण पाहून त्यायले विचारत होती ना, बाबा, हे काय? ते म्हणत, विळा. मीही दुसऱ्या पत्रात विळाच लिहिलं. विळा नव्हता, वर्षू.

बारा तारखेले अकरा वाजता. मी दवाखान्याच्या गेटापाशी उभी राहीन. बोलायचं नसीन तं नको बोलू. हवालदाराले घेऊन ये.

तुही आई
शकुन